खांदे शेकले, जू तेच राहिले



पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या भागात बैलांचे खांद शेकतात. नाल्यावरून धुऊन आणलेले बैल गोठ्यात उभे करायचे, गरम पाण्याने खांदा शेकायचा, हळद आणि तूप चोळायचे आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचे. वरोरा-राजुऱ्याकडचा काळ्या मातीतला कापसाचा शेतकरी असो की सिंदेवाही, मूल, आरमोरीकडचा धानाच्या बांधीतला, हा रिवाज दोघांचाही. घरातले म्हातारे माणूस बैलाच्या मानेवरून हात फिरवते, त्याच्या खांद्यावरचा घट्टा बोटांनी चाचपते आणि काही न बोलता पुढच्या बैलाकडे जाते. वर्षभर आपण याच्या खांद्यावर जगलो याची ती कबुली असते.

दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, तोरण आणि पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेले जू उचलायचे आणि त्याच खांद्यावर ठेवायचे. बापाने केलेले जू, तीच गाठ, तोच उंचवटा, तीच चीर. खांदे शेकले, जू तेच राहिले.

या अंकात आम्ही भाववाढीवर किंवा कर्जावर लिहिणार नाही. बैलाच्या पुढच्या पायाविषयी, त्याच्या खांद्याच्या मांसाविषयी लिहिणार आहोत. आंदोलनाच्या पत्रकात हा काय विषय, असे कुणाला वाटेल. पण ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही किंवा ज्याच्या बांधीत ट्रॅक्टर उतरत नाही, त्या शेतकऱ्याचे सगळे भांडवल या दोन वीतभर जागेत साठवलेले आहे. कारखानदार आपल्या यंत्राचा प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक चाक ओळखतो. आपण आपल्या यंत्राला देव म्हणतो, वर्षातून एकदा पूजतो, पण ते चालते कसे हे विचारत नाही.

हाडाने नव्हे, मांसाने टांगलेला पाय

पहिली गोष्ट अशी की बैलाचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नाही.

माणसाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना हंसळीचे हाड असते. ते खांद्याला छातीच्या हाडाशी जोडून ठेवते. बैलाला, म्हशीला, घोड्याला, शेळीला ते हाड नाही. मागच्या पायाचे तसे नाही. मागचा पाय खुब्यात बसतो, खुबा माकडहाडाशी पक्का असतो; तिथे हाडाला हाड भिडते. पुढच्या पायाचे सगळ्यात वरचे हाड म्हणजे फरा. तो पंख्यासारखा चपटा असतो आणि बरगड्यांच्या बाहेरून नुसता टेकलेला असतो. त्याला धरून ठेवतात ते स्नायू, म्हणजे मांसाचे पट्टे.

खाट कशी असते? चार खूर, चार माचवे आणि मध्ये विणलेली नवार. आपण नवारीवर निजतो, लाकडावर नाही. बैलाचे पुढचे धड तसेच दोन फऱ्यांच्या मध्ये मांसाच्या झोळीत टांगलेले आहे. या झोळीचा मुख्य पट्टा फऱ्याच्या आतल्या अंगाकडून निघतो आणि हाताच्या बोटांसारखा पसरत मानेच्या मणक्यांना आणि बरगड्यांना चिकटतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याला सेरेटस व्हेंट्रालिस म्हणतात. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. काम लक्षात ठेवावे. बैल नुसता उभा असला तरी त्याच्या अंगाचे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असते, कारण डोके, मान आणि छाती पुढे आहेत. ते सगळे वजन ही झोळी तोलते. बैल उडी मारतो, धुऱ्यावरून बांधीत उतरतो, बंडी खाचेत आदळते, तेव्हा बसणारा हिसका हाडाला लागत नाही, ही झोळी तो गिळते. बंडीला स्प्रिंग नसते. बैलाला असते, ती ही.

या रचनेचा फायदा आहे तसा धोकाही आहे. हाड मोडले तर दिसते, कळते. मांस दुखावले तर बाहेरून काही दिसत नाही. बैल दोन पावले आखूड टाकतो, आणि आपण म्हणतो, आज अंगचोरपणा करतो. मग तुतारी टोचतो.

वशिंडही पुढच्या पायाचेच

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. आपल्या देशी बैलाचे वशिंड म्हणजे नुसत्या चरबीचा गोळा असे पुष्कळांना वाटते. त्यात चरबी असतेच, पण ते मुळात मांसाचे आहे. फऱ्याच्या वरच्या काठाला मानेशी आणि पाठीच्या कण्याशी बांधणारा एक स्नायू आहे, ऱ्हॉम्बॉइडियस त्याचे नाव. आपल्या वशिंडाच्या गुरांमध्ये तोच स्नायू वाढून वशिंड झालेले आहे. विलायती गायीबैलांमध्ये तो चपटा राहिला. म्हणजे जू ज्या वशिंडाला टेकून बसते, ते वशिंड पुढच्या पायाचाच एक भाग आहे. बैल पाय टाकतो तेव्हा वशिंडाखालचे मांस हलते. त्याच्या पुढे मानेवर जू दाबून बसलेले असते.

आणखी एक लांब पट्टा डोक्याच्या मागून निघून मानेच्या बाजूने खाली येतो आणि दंडाच्या हाडाला मिळतो. पाय उचलून पुढे नेण्याचे काम त्याचे. धानाच्या बांधीत चिखलणी चालू असताना बैलाला प्रत्येक पावलाला चिखलातून पाय उपसावा लागतो. चिखल पाय धरून ठेवतो, हा पट्टा तो ओढून काढतो. आणि नेमका याच पट्ट्यावर शिवळ घासते, याच पट्ट्यावरून जोते आवळलेले असते. जोते फार घट्ट आवळले तर बैल श्वासासाठी धापा टाकतो एवढेच आपण पाहतो. पाय उचलणाऱ्या मांसावर आपण दोरी बांधली आहे हे पाहत नाही.

तिसरा मोठा स्नायू फऱ्याच्या मागच्या अंगाला, कोपराच्या वर असतो. तो कोपर ताठ ठेवतो. जमिनीला पाय रोवून बैल जोर लावतो तेव्हा तो दगडासारखा टणक होतो. हात लावून पाहावा. हा स्नायू ढिला पडला तर कोपर खाली लोंबते, पाय पुढे टाकता येत नाही आणि खूर घासत ओढला जातो. त्याची नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते. बैलाला पत्री ठोकताना आपण त्याला दोरांनी पाडतो. कडक जमिनीवर, खडीवर, एकाच कुशीवर बराच वेळ पाडून ठेवले तर खालच्या पायाची ही नस दबते आणि उठल्यावर त्याचा पाय चालत नाही. लोक म्हणतात पत्रीचा खिळा आत गेला. खिळा आपल्या जागी असतो. दोष पाडण्याच्या जागेत असतो. म्हणून बैल पाडायचा तर गवतावर, तणसावर किंवा मऊ मातीवर पाडावा आणि काम झटपट उरकावे.

चौथे. फऱ्याच्या हाडावर मधोमध एक उभी धार असते. तिच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन स्नायू असतात. ते खांद्याचा सांधा बाहेर निसटू देत नाहीत. त्यांची नस फऱ्याच्या पुढच्या काठाला वळसा घालून जाते, म्हणजे अगदी तडाख्याच्या जागी. बंडीची दांडी आदळली, गोठ्याच्या खांबाला धडक बसली, की ती नस दुखावते. मग काही आठवड्यांत तिथले मांस सुकत जाते, धारेच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात आणि हाड वर आल्यासारखे दिसते. बाजारात बैल घेताना दात पाहणारे पुष्कळ आहेत. समोरून उभे राहून दोन्ही फरे सारखे भरलेले आहेत की नाहीत हे पाहणारे थोडे. ते पाहायला पैसा लागत नाही.

खांदा येतो कशाने

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. खांदा सुजतो, घट्टा पडतो, कातडे सोलते, पाणी सुटते, कधी पू होतो, कधी आतून कडक गाठ होऊन बसते. त्याला कुणी खांदेसूज म्हणतो, कुणी म्हणतो खांदा आला. जणू पाऊस आला, पाहुणा आला, तसा खांदा आला. तो आपोआप येत नाही. त्याला आणणारी कारणे आहेत आणि ती मोजता येतात.

पहिले कारण दाबाचे. लाकूड गोल, मान गोल. गोलावर गोल ठेवले तर ते पट्टीएवढ्याच जागेवर टेकते. समजा, बैलाच्या वाट्याला तीस किलोचा जोर आला आणि तो चार बोटे रुंद पट्टीवर पडला. तोच आठ बोटे रुंद जागेवर पडला असता तर प्रत्येक बोटावरचा भार निम्मा झाला असता. बैल तेवढाच ओढतो, पण मांस निम्मेच चिरडते. पाण्याची घागर नुसत्या डोक्यावर घेणाऱ्या आणि चुंबळ ठेवून घेणाऱ्या आपल्या बायकांना हे गणित शाळेत न जाता कळलेले आहे. बैलाला चुंबळ कुणी दिली?

दुसरे कारण विजोड जोडीचे. एक बैल उंच, दुसरा ठेंगणा असला की जू कलते आणि ओझे ठेंगण्याच्या मानेवर उतरते. एक चपळ आणि एक मंद असला तरी जू तिरपे होते आणि प्रत्येक पावलाला घासते.

तिसरे कारण बंडीचे. दोन चाकांच्या बंडीत माल पुढे भरला तर दांडी खाली दबते आणि ते वजन ओढण्याचे नसते, उचलण्याचे असते. ते थेट मानेवर बसते. माल फार मागे भरला तर दांडी वर उठते आणि जोते गळ्याला आवळते. उतारावर तर बंडी मागून लोटते आणि बैल मानेने तिला अडवतो. भार आखाच्या बरोबर वर असावा, ही एवढीशी गोष्ट बैलाचा हंगाम वाचवते.

चौथे कारण पाण्याचे. पावसात आणि चिखलणीत कातडे भिजून मऊ पडते. मऊ कातडे लवकर सोलते. उन्हाळ्यात बसलेला बैल मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर एकदम दिवसभर जुंपला की आठवड्यात त्याचा खांदा गेलाच. नव्या गोऱ्ह्याचे तर विचारूच नका. पहिलवान पहिल्याच दिवशी हजार जोर मारत नाही. गोऱ्ह्याने मात्र पहिल्याच दिवशी अख्खे वावर वखरावे अशी आपली अपेक्षा.

बैलाच्या ताकदीचा एक ढोबळ हिशेब तज्ज्ञ सांगतात. बैल तासन्‌तास काम करताना आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश जोराने ओढू शकतो. क्षणभर तो त्याच्या कितीतरी पट जोर लावतो, म्हणून तर रुतलेली बंडी निघते. पण क्षणाचा जोर हा दिवसाचा जोर समजून जो काम घेतो, तो भांडवलाचे व्याज न खाता मुद्दल खातो.

आपल्या मातीचा बैल

आपल्या झाडीपट्टीत लहान चणीचा, काटक, चिखलात न बुजणारा गावठी बैल पिढ्यानपिढ्या आहे. सरकारी कागदात त्याला नाव नव्हते. गडचिरोलीच्या कठाणी नदीवरून त्याला कठाणी म्हणतात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या जातीची स्वतंत्र नोंद केली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा तिचा मुलूख. ज्याला आपण आणि सरकारने मिळून बिनजातीचा म्हटले, तो जातिवंत निघाला. त्याचे हलके अंग आणि चिखलातली चाल ही आपल्या बांधीने घडवलेली आहे. पश्चिमेला वर्ध्याकडचा गवळाऊ उंच, चपळ, बंडीला वेगाने धावणारा. तो काळ्या मातीचा. दोघांच्या माना वेगळ्या, फरे वेगळे, उंची वेगळी. मग दोघांचे जू एकाच मापाचे कसे असेल?

संकरित गोऱ्हे वाढले तेव्हा शेतकऱ्यांनी तक्रार केली होती की यांचे वशिंड नावापुरते, जुवाला टेका नाही, उन्हात धापा टाकतात. दुधाचा हिशेब करणाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. पण बैलाच्या मानेवर जू आपण ठेवतो, कार्यालय ठेवत नाही. त्यामुळे ते कुठे टेकते आणि कुठे घसरते हे आपल्यालाच आधी कळणार.

जगात हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला असेही नाही. घोड्याच्या छातीला पट्टा बांधण्याऐवजी खांद्याच्या हाडांवर टेकणारी, गादी भरलेली कॉलर चीनकडून युरोपात पोचली आणि तिथे मध्ययुगात घोडा नांगराला जुंपता येऊ लागला. घोडा तोच; ओढण्याची जागा बदलली. जर्मनी-स्वित्झर्लंडकडे बैलालाही तीन गाद्यांची कॉलर घालत. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी उमेदीची वर्षे बैलगाडी आणि जू सुधारण्याच्या प्रचारात घालवली. मोठ्या उद्योगांचे व्यवस्थापन शिकवणारा माणूस म्हणत होता की देशाचा खरा मोठा वाहतूक उद्योग बैलाच्या मानेवर चालतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने सुधारित जू आणि बैलाची अवजारे यांवर काम केले. विद्या आहे. ती भोपाळ, बंगळूर, नागपूरपर्यंत आली. तिथून धानोरा, एटापल्ली, जिवतीचा रस्ता तिला अजून सापडायचा आहे.

लंगडा बैल आणि फऱ्या

एक सावधगिरीची गोष्ट. बैल पुढच्या पायाने लंगडला की लगेच खांद्यावर डाग देऊ नका. आधी खूर पाहा. काटा, खडा, फाटलेले खूर, ढिली पत्री, लाळ्या-खुरकूत. गुरांच्या लंगडण्याचा उगम बहुतेक वेळा खुरातच असतो. कोणता पाय दुखतो हे कळायची सोपी खूण आहे. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकताना बैल डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली आणतो. तिव्यात लंगडणे एका पायावरून दुसऱ्या पायावर फिरते, ताप असतो आणि बहुधा तीन दिवसांत जनावर सावरते.

पण एक लंगडणे असे आहे की तिथे तास मोजावे लागतात. त्याचे नावच फऱ्या. कुठे एकटांग्या म्हणतात. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतची, अंगाने चांगली भरलेली वासरे आणि गोऱ्हे पावसाळ्यात एकाएकी लंगडतात. ताप भरतो. खांद्याचे किंवा मांडीचे भारी मांस सुजते. सूज आधी गरम आणि दुखरी, मग थंड आणि बधिर. दाबले तर आत कागद चुरगाळल्यासारखी चरचर होते, कारण जंतूने मांसात वायू केलेला असतो. हा जंतू मातीत बीजरूपाने वर्षानुवर्षे तग धरतो. सुरुवातीलाच पेनिसिलीन मिळाले तर जनावर वाचण्याची आशा असते; एक-दोन दिवस गेले की बहुधा खेळ संपतो. मेलेले जनावर सोलू नये, फाडू नये, उघड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे. नाही तर ते कुरण पुढच्या पिढीलाही फऱ्या देते.

यावर लस आहे. पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये, दरवर्षी टोचायची. पाऊस सुरू होऊन रस्ता बंद झाल्यावर लस घेऊन कुणी आले तर ती आली की न आली सारखीच. आमची मागणी मोठी नाही: नाल्यापलीकडच्या गावांचा क्रम आधी लावा.

हिशेब कुणाच्या खात्यात

रोवणीला ठरलेले दिवस असतात. पऱ्हे तयार आहेत, बांधीत पाणी आहे, मजूर ठरले आहेत आणि जोडीतल्या एकाचा खांदा फुटला. आता शेतकऱ्याने काय करायचे? बैलाला विश्रांती द्यावी तर रोवणी मागे पडते आणि मागे पडलेले धान कमी पिकते. जुंपावे तर जखम खोल जाते. शेजाऱ्याची जोडी मागावी तर तोही त्याच आठवड्यात अडकलेला. ट्रॅक्टर भाड्याने आणावा तर रोख पैसा हवा, आणि जंगलालगतच्या लहानशा बांधीत तो उतरला पाहिजे.

धानाचा आधारभाव ठरवताना सरकारी आयोग बैलांच्या श्रमाची किंमत धरतो. घरच्या बैलांचीही धरतो. ठीक आहे. पण खांदा फुटल्यामुळे बैल गोठ्यात उभा राहिला, त्या दिवसांचा चारा, मागे पडलेली रोवणी आणि बाजारात पडलेली बैलाची किंमत, हे आपण तरी कधी वहीत लिहिले का? न लिहिलेला खर्च कुणी भरून देत नाही.

कायदे मात्र सगळे लिहिलेले आहेत. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा सांगतो, जखमी जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा. १९६५ चे नियम सांगतात, गाडीच्या बैलाकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. तापमान ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. टोकदार काठी वापरू नये. इजा करणारे खिळे, गाठी, उंचवटे असलेले जू वापरू नये. नियम चांगले आहेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ३७ अंश म्हणजे सकाळचीच गोष्ट, आणि शहाणा शेतकरी तेव्हा तसाही बैल सोडतो. पण वाईट जू वापरू नको म्हणणाऱ्याने चांगले जू कुठे मिळते तेही सांगावे.

दुसरीकडे, कामातून गेलेल्या बैलाचे काय? १९७६ च्या राज्याच्या कायद्यात निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन विकता येत होता. मार्च २०१५ पासून बैलांचीही कत्तल राज्यात बंद झाली. त्यामागच्या भावनेचा आम्ही उपहास करत नाही. बैलावर आमच्याहून जास्त माया कुणाची? पण ज्या बैलाचा खांदा कायमचा गेला, त्याचा चारा-पाणी आणि नव्या बैलाची किंमत हे दोन्ही ओझे एकाच माणसाच्या खांद्यावर आले. समाजाला पुण्य हवे असेल तर खर्चातला वाटाही उचलावा, एवढेच आमचे म्हणणे. आणि तोवर, म्हातारपणापर्यंत बैलाचा खांदा धड ठेवणे हे दयेइतकेच व्यवहाराचेही काम झाले आहे.

आता काय करायचे

सगळे सरकारवर सोडून बसणे ही आपली रीत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या पाहिल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या, आणि त्यातून एचएमटी धान देशभर गेले. शिक्षण थोडे, जमीन थोडी. त्यांच्याकडे होती ती पाहणारी नजर. ती नजर लोंबीवर पडली तशी आपली बैलाच्या मानेवर पडली पाहिजे.

एक. आज घरी गेल्यावर आपले जू उलटे करून पाहा. मान टेकते तिथे हात फिरवा. हाताला जे टोचते ते बैलालाही टोचते. गाठ, चीर, खिळा असेल तर रंधा मारून घ्या. मान टेकते तो भाग रुंद आणि मानेच्या वळणाला मिळता करून घ्या. सुताराला एका दुपारचे काम आहे. लाकूड शिवणीसारखे हलके आणि न चिरणारे घ्या; आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेतीच्या अवजारांचे लाकूड निस्तार हक्कात येते, ते हक्काने मागा.

दोन. जुवाखाली गादी द्या. जुने गोणपाट, वर गुळगुळीत कातडे किंवा जाड कापड. ती रोज वाळवा आणि झटका. ओली आणि चिखलाने कडक झालेली गादी नसलेलीच बरी.

तीन. जोडी उंचीला आणि चालीला मिळती बांधा. हंगामाआधी पंधरा दिवस रोज थोडे थोडे काम देऊन बैलांचा खांदा तयार करा.

चार. रोज संध्याकाळी बैल सोडल्यावर खांदा धुवा आणि हात लावून पाहा. जागा गरम लागली, बैलाने अंग चोरले, तर तीच पहिली खूण. पहिल्या दिवशी थंड पाण्याची धार, नंतर शेक, आणि मुख्य औषध विश्रांती. पू झाला, गाठ बसली तर डॉक्टरला दाखवा. डागणी, बिब्बा, आंबट-खारट लेप यांनी जखम वाढते.

पाच. वासरांना फऱ्याची लस पावसाळ्याआधी. गावाने दिवस ठरवावा, यादी करावी आणि दवाखान्याला कळवावे.

आणि सरकारला आपले सांगणे असे. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्राने धानाच्या वाणांवर चांगले काम केले; त्याच अंगणात कठाणी बैलाच्या मापाच्या जुवाचे प्रात्यक्षिक लावावे. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या मुलांनी फऱ्याचे हाड टेबलावर शिकले, आता एक हंगाम बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून ते चालताना पाहावे. जंगलातल्या गावांसाठी पशुवैद्यक रोवणीच्या महिन्यात फिरता असावा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. गावात बैलजोड्या किती, त्यांतल्या किती बैलांचे खांदे या हंगामात आले आणि त्यांपायी कामाचे किती दिवस बुडाले, एवढे तीन आकडे कागदावर लिहून आणावेत. ते आकडे दुसऱ्या कुणाकडे नाहीत. ते आपल्याकडे जमले की मागणीला धार येईल, आणि त्याआधी आपल्याच डोळ्यांवरची झापड जाईल.

पुढच्या पोळ्याला खांद शेकूच. हळद लावू, तूप लावू, आवतणही देऊ. फक्त त्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडात जूही पाहून घेऊ. ज्या खांद्याची माफी मागायची, त्याला पुन्हा तीच जखम देणारे लाकूड तिसऱ्या दिवशी उचलायचे नाही, एवढा निश्चय पुरे.